आयोडीनची गोळी घरात आणून ठेवू का?

पत्र : आम्ही दोन वर्षांपूर्वी बोईसरला राहायला आलो. पती औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहेत. मुलगी चार वर्षांची आहे, मला पाचवा महिना चालू आहे आणि बासष्ट वर्षांच्या सासूबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावे लागते. मागे शेजारच्या गावात तारापूर अणुवीज केंद्राच्या आपत्कालीन सरावाच्या गाड्या आल्या होत्या, भोंगाही वाजला. त्या दिवसापासून आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर आयोडीनच्या गोळ्यांची जाहिरात फिरते आहे. ‘किरणोत्सर्गापासून संपूर्ण संरक्षण’ असे तिच्यावर लिहिले आहे. पती म्हणतात, पन्नास वर्षांत काही झाले नाही, तू उगाच जिवाला घोर लावून घेतेस. मी गोळ्या मागवू का? सरकारची काही योजना आहे का, आणि असेल तर ती आम्हाला कोणी सांगितली का नाही? बाळंतपणाला माहेरी नाशिकला जाणार आहे. पुढेही तिथेच राहावे का?
– एक वाचक, बोईसर

उत्तर : ताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, म्हणजे पुढचे शांतपणे वाचता येईल. त्या जाहिरातीवरून गोळ्या मागवू नका. गोळी खोटीच असेल असे माझे म्हणणे नाही. पोटॅशियम आयोडाइड आणि पोटॅशियम आयोडेट ही खरी औषधे आहेत, जागतिक आरोग्य संघटनेने त्यांच्या वापराविषयी १९९९ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये सविस्तर मार्गदर्शन प्रसिद्ध केले आहे, आणि आपल्याकडच्या अणुवीज केंद्रांच्या आपत्कालीन नियोजनातही त्यांना जागा आहे. मात्र ‘संपूर्ण संरक्षण’ हे शब्द ज्याने लिहिले त्याला औषध कळलेले दिसत नाही. गिऱ्हाइकाची भीती तेवढी नेमकी कळलेली आहे.

अणुभट्टीच्या गंभीर अपघातात जे पदार्थ हवेत येऊ शकतात त्यांपैकी एक म्हणजे किरणोत्सारी आयोडीन, म्हणजे आयोडीन १३१. साधे आयोडीन कोणते आणि किरणोत्सारी कोणते हे आपल्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला ओळखता येत नाही. श्वासातून किंवा दुधातून जे येईल ते ती ओढून घेते आणि साठवून ठेवते. लहान मुलांची ग्रंथी छोटी आणि वाढीच्या भरात असल्यामुळे तेवढ्याच आयोडीनचा मारा तिच्यावर मोठ्या माणसाच्या मानाने कितीतरी जास्त होतो. गोळी घेऊन ग्रंथी आधीच साध्या आयोडीनने भरून टाकायची, म्हणजे मागून येणाऱ्या किरणोत्सारी आयोडीनला आत शिरायला जागा उरत नाही, एवढेच त्या गोळीचे काम आहे. ज्याचे प्रमाण निम्म्यावर यायला तीस वर्षे लागतात त्या सीझियम १३७ वर तिचा काडीचाही उपयोग होत नाही, आणि बाहेरून शरीरावर येणाऱ्या किरणांवरही होत नाही.

त्यातही वेळ सांभाळावी लागते. हवेत आयोडीन पोहोचण्याच्या आधीच्या चोवीस तासांत किंवा पोहोचल्यानंतर फार तर दोन तासांत गोळी घेतली तर तिचा पुरेपूर फायदा मिळतो. आठ तासांपर्यंत घेतली तरी काही प्रमाणात मिळतो. चोवीस तास उलटून गेल्यावर घेतली तर फायद्यापेक्षा अपायच अधिक होण्याचा संभव असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणूनच ‘भोंगा ऐकला की गोळी’ किंवा ‘रोज एक गोळी’ हे दोन्ही प्रकार चुकीचे आहेत. गोळी केव्हा घ्यायची हे केंद्रातून प्रत्यक्ष काय बाहेर पडले, किती पडले आणि वारा कुठे चालला आहे यावर ठरते, आणि ही माहिती तुमच्या-माझ्याकडे नसते, ती ज्यांच्याकडे असते त्यांच्या सूचनेवरच ती घ्यायची असते.

तुमच्या घरातला हिशेबही सांगून ठेवतो. बारा वर्षांवरील व्यक्तीला १०० मिलिग्रॅम आयोडीन, म्हणजे पोटॅशियम आयोडाइडची १३० मिलिग्रॅमची किंवा आयोडेटची १७० मिलिग्रॅमची एक गोळी. तीन ते बारा वर्षांच्या मुलांना तिच्या निम्मी. एक महिना ते तीन वर्षे वयाच्या बाळांना पाव. आणि महिन्याच्या आतल्या तान्ह्याला अष्टमांश. म्हणजे तुमच्या मुलीला अर्धी. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना मोठ्यांची एक गोळी देतात आणि त्यांना लहान मुलांच्या बरोबरीने सर्वांत आधी देतात, पण ती पुन्हा पुन्हा द्यायची नसते, कारण आईने जादा घेतलेले आयोडीन बाळाच्या थायरॉइडचे काम मंदावू शकते. चाळिशीपुढच्या माणसाला या गोळीचा लाभ थोडाच असतो. सासूबाईंच्या बाबतीत तर आयोडीन शरीराबाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडाचे असल्यामुळे त्यांच्या डायलिसिसच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी देण्याचा प्रश्नच येत नाही. हे डॉक्टरांना आत्ताच विचारून त्यांच्याकडून फाइलवर एका ओळीत लिहून घ्या.

जाता जाता मिठाचे. घरात आयोडीनयुक्त मीठ आहे मग गोळी कशाला, असे तुमच्या गटावर कोणी तरी म्हणेलच. ग्राहकापर्यंत पोहोचणाऱ्या मिठात किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावे असा आपल्याकडचा नियम आहे. त्या हिशेबाने एका गोळीइतके आयोडीन मिळवायला साडेसहा किलोंहून अधिक मीठ खावे लागेल. जपानमधल्या फुकुशिमा अणुवीज केंद्राच्या अपघातानंतर मार्च २०११ मध्ये चीनमधल्या शहरांत लोकांनी दुकानांतले मीठ दोन दिवसांत उचलून नेले होते, त्याचा कोणालाही काही उपयोग झाला नाही. जखमेवर लावायचे आयोडीनचे औषध पिण्याचा प्रयोग मात्र कोणीही करू नये, ते विषारी ठरू शकते.

गोळीविषयी इतके सविस्तर लिहिले ते तुम्ही विचारले म्हणून. आरोग्याच्या नियोजनात तिचा क्रम माझ्या मते तिसरा किंवा चौथा लागतो. तिच्या आधी येते ते घरात थांबणे आणि दूध. चेर्नोबिलचा स्फोट २६ एप्रिल १९८६ रोजी झाला. केंद्राशेजारच्या प्रिप्यात गावातले सुमारे ४९ हजार लोक दुसऱ्या दिवशी बसने हलवले गेले, पण आसपासच्या ग्रामीण भागात गाई उघड्यावर चरत राहिल्या आणि मुले ते दूध पीत राहिली. गाय दिवसभरात बरेच मोठे रान चरते, त्यामुळे गवतावर पातळ पसरलेले आयोडीन तिच्या दुधात गोळा होऊन येते. बेलारूस, युक्रेन आणि रशियाच्या बाधित भागांत त्या वेळी लहान असलेल्या लोकांमध्ये २००५ पर्यंत थायरॉइडच्या कर्करोगाचे सहा हजारांहून अधिक रुग्ण सापडले, आणि त्यांतल्या मोठ्या हिश्शाचे कारण ते दूध होते, असा संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीचा निष्कर्ष आहे. पोलंडने मात्र २९ एप्रिलपासून काही दिवसांत एक कोटीहून अधिक मुलांना आयोडीनचे द्रावण पाजले आणि मुलांच्या दुधावरही निर्बंध आणले. इंग्लंडमध्ये विंडस्केल येथे ऑक्टोबर १९५७ मध्ये अणुभट्टीला आग लागली तेव्हाही सुमारे ५०० चौरस किलोमीटर भागातले दूध काही आठवडे ओतून टाकण्यात आले होते. तेव्हा तुमच्याकडे दूध तबेल्यातून येत असेल, तर घरात दूध पावडरचा एक बंद डबा ठेवणे हे गोळ्या मागवण्यापेक्षा शहाणपणाचे आणि स्वस्त आहे. तशी वेळ आलीच तर आधीच बंद पाकिटात असलेले अन्न, झाकलेले पाणी आणि घरातले धान्य चालते. अंगणातली भाजी आणि उघड्यावर बांबूंवर वाळत असलेले बोंबील चालत नाहीत.

आता योजनेविषयी. ती आहे, आणि कागदावर चांगली आहे. अणुऊर्जा नियामक परिषदेच्या निकषांनुसार केंद्राभोवती वस्तीला मनाई असलेला पट्टा असतो, त्यापलीकडे पाच किलोमीटरपर्यंत लोकसंख्येची वाढ आटोक्यात ठेवली जाते, आणि सोळा किलोमीटरपर्यंतचा परिसर आपत्कालीन नियोजनाचा मानला जातो. बोईसर हे तारापूरच्या केंद्रापासून सरळ रेषेत दहा-अकरा किलोमीटरवर असल्यामुळे तुम्ही या परिसरात येता. हे वर्तुळ भाकरीच्या तुकड्यांसारखे सोळा भागांत कापलेले असते, आणि वारा ज्या भागांकडे वाहत असेल तिथे आधी पावले उचलायची, अशी पद्धत आहे. तारापूरला दुपारी समुद्रावरचा वारा जमिनीकडे, म्हणजे ढोबळमानाने तुमच्या दिशेने येतो आणि रात्री पुष्कळदा तो उलटतो. त्यामुळे एकाच अपघातात दुपारी दोन वाजता आणि रात्री दोन वाजता दिलेल्या सूचना निरनिराळ्या असू शकतात, आणि तसे झाले तर प्रशासन गोंधळले आहे असा अर्थ काढू नका.

केंद्राच्या कुंपणाच्या आत जे काही होईल ते केंद्राचे प्रमुख सांभाळतात. परिणाम कुंपणाबाहेर जाण्याची शक्यता दिसली की सूत्रे जिल्हाधिकाऱ्यांकडे जातात, आणि घरात थांबा, गोळी घ्या किंवा गाव सोडा हे आदेश त्यांच्याकडून येतात. केंद्रीय पातळीवर अणुऊर्जा विभागाचा आपत्ती व्यवस्थापन गट असतो, राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची या विषयावरची मार्गदर्शक तत्त्वे फेब्रुवारी २००९ मध्ये आली, आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या पुण्याच्या तुकडीला किरणोत्साराच्या घटनांचे प्रशिक्षण दिलेले आहे. कुंपणाबाहेरच्या आणीबाणीचा सराव दर दोन वर्षांनी व्हावा असे बंधन आहे. तुम्ही पाहिलात तो बहुधा तोच असावा. जिल्हा आरोग्य अधिकारी आणि जिल्हा शल्यचिकित्सक या योजनेत असतात. त्यांच्याकडे गोळ्यांचे वाटप, निवारा केंद्रांवरची तपासणी आणि रुग्णालयांची सज्जता ही कामे येतात.

या तपासणीचे ओझे किती मोठे असते याची कल्पना फार थोड्यांना असते. ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात सप्टेंबर १९८७ मध्ये एका बंद पडलेल्या दवाखान्यातले किरणोपचाराचे यंत्र भंगारवाल्यांच्या हाती लागले आणि त्यातली सीझियमची भुकटी घराघरांत पोहोचली. चार जण दगावले. भीतीपोटी तपासून घ्यायला मात्र सुमारे १ लाख १२ हजार लोक मैदानावर रांगेत उभे राहिले, आणि त्यांतल्या २४९ जणांच्या अंगावर किंवा शरीरात किरणोत्सारी द्रव्य सापडले. म्हणजे एका बाधित माणसामागे साडेचारशे निरोगी पण घाबरलेली माणसे. आपल्या ग्रामीण रुग्णालयाच्या दारात असे घडले तर त्या दिवशीच्या बाळंतिणी, साप चावलेले आणि ताप आलेली मुले कुठे जातील, याचे उत्तर योजनेत असायला हवे. परिचारिकांनाही आधीच शिकवून ठेवायला हवे की अंगावर धूळ असलेला रुग्ण म्हणजे बॉम्ब नव्हे. बाहेरचे कपडे उतरवले की बहुतेक द्रव्य त्यांच्याबरोबर जाते, उरलेले साबण आणि कोमट पाण्याने निघते, आणि रक्तस्राव होत असेल तर आधी तो थांबवायचा, अंघोळ नंतर.

कागदावरची योजना आणि जमीन यांच्यातले अंतर मी एकदा जवळून पाहिले आहे. मी जिल्हा पातळीवर सार्वजनिक आरोग्यात नोकरी केली. जिल्ह्याचे नाव सांगत नाही, तो तुमचा नव्हे. एका सरावात आमच्या हातातल्या यादीवर गोळ्यांचा साठा बरोबर लिहिलेला होता, पण त्या ज्या कपाटात होत्या त्याची किल्ली औषधनिर्माण अधिकाऱ्यांच्या खिशात होती आणि ते प्रशिक्षणासाठी दुसऱ्या शहरात गेले होते. शिपायाने दगडाने कुलूप फोडले तेव्हा पाऊण तास गेला होता. त्यानंतर एका परिचारिकेने वर्तमानपत्र पसरून, दाढीच्या ब्लेडने, तान्ह्या बाळासाठी गोळीचा अष्टमांश कापायचा प्रयत्न केला. गोळीचा चुरा झाला. दुसरी घेतली, तिचाही झाला. तिने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “साहेब, हे असे पन्नास बाळांचे करायचे?” तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते. गोळी भरडून मोजून पाण्यात विरघळवायची आणि त्यातले ठरावीक मिलिलिटर पाजायचे, हे साधे उत्तर आम्हाला दुसऱ्या दिवशी सुचले. सराव असल्यामुळे ‘दुसरा दिवस’ आमच्याकडे होता.

म्हणून मला वाटते की निदान सर्वांत जवळच्या गावांत गोळ्या आधीच शाळांत, अंगणवाडीत आणि आशा सेविकांच्या हाती असाव्यात. स्वित्झर्लंड केंद्रांभोवतीच्या ५० किलोमीटरच्या परिसरात त्या घरोघर आधीच देऊन ठेवते, आणि फ्रान्सनेही २०१९ मध्ये ही मर्यादा १० किलोमीटरवरून २० किलोमीटरवर नेली. आपल्याकडे त्या साठ्यात ठेवून सूचनेनंतर वाटण्याची पद्धत आहे. गैरवापर होईल, लोक घाबरतील, ही त्यामागची कारणे मी नोकरीत असताना अनेकदा ऐकली. दोन तासांच्या मुदतीत पाड्यापाड्यांवर पोहोचायचे कसे, याचे समाधानकारक उत्तर त्यात मला मिळाले नाही. वाटप झाले तर ते शासनाकडून, चिठ्ठीसह आणि वयानुसार मात्रा समजावून व्हावे. व्हॉट्सॲपच्या जाहिरातीतून नव्हे.

‘घरात थांबा, दारे-खिडक्या बंद करा’ ही सूचना तुमच्या सिमेंटच्या इमारतीत उत्तम चालते. आतल्या खोलीत, खिडक्यांपासून दूर, पंखा-एसी बंद करून बसायचे आणि रेडिओ, टीव्ही किंवा प्रशासनाचा संदेश ऐकत राहायचे. त्याने श्वासातून जाणारे द्रव्य बरेच कमी होते. पण डहाणू आणि पालघर तालुक्यांतल्या वारली पाड्यांवर जी कुडाची घरे आहेत त्यांच्या कारवीच्या भिंती आणि कौलांच्या फटी हवा अडवतच नाहीत. तिथल्या लोकांना जवळच्या आश्रमशाळेत किंवा पक्क्या इमारतीत हलवणे हाच त्यांच्यासाठी ‘घरात थांबा’ चा अर्थ होतो, आणि त्या इमारतीची चावी कोणाकडे हा कपाटाचाच प्रश्न पुन्हा येतो. समुद्रात गेलेल्या बोटींना निरोप कसा द्यायचा, त्यांनी कोणत्या बंदरात परतायचे, हाही प्रश्न दांडी, उच्छेळी, घिवली इथल्या लोकांनी विचारण्यासारखा आहे.

सासूबाईंविषयी मला सर्वांत जास्त लिहायचे आहे, कारण तुमच्या घरात गोळीपेक्षा मोठा धोका तिथे आहे. ११ मार्च २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर फुकुशिमा केंद्राभोवतीची गावे रिकामी करण्यात आली. केंद्रापासून पाचेक किलोमीटरवर फुताबा रुग्णालय होते. तिथले अंथरुणाला खिळलेले रुग्ण अनेक दिवस मदतीविना राहिले, मग बसमध्ये बसवून दहा तासांच्या आसपास फिरवले गेले, सोबत डॉक्टर नाही, पुढे कुठल्या रुग्णालयात जायचे ते ठरलेले नाही. त्यांतले चाळीसहून अधिक रुग्ण दगावले, आणि त्यांचे मरण किरणोत्सर्गामुळे आले नव्हते. त्या प्रांतात स्थलांतर, निवाऱ्यातले हाल आणि उपचारांत पडलेला खंड यांमुळे झालेले म्हणून नोंदवलेले मृत्यू आज २३०० च्या वर आहेत, तिथे प्रत्यक्ष भूकंप-त्सुनामीत गेलेल्यांपेक्षाही जास्त. किरणोत्सर्गामुळे तिथल्या रहिवाशांच्या आरोग्याला थेट अपाय झाल्याची नोंद मात्र संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीला सापडलेली नाही. त्याच दिवसांत इवाकी शहरातले डायलिसिसचे शेकडो रुग्ण डॉक्टरांनी आपापसात फोन करून टोकियो आणि इतर प्रांतांतल्या केंद्रांत हलवले. ते वाचले याचे कारण कुठल्या रुग्णाला कुठे जागा आहे याची यादी कोणाच्या तरी हातात होती.

तेव्हा तुमचे पहिले काम सासूबाईंच्या डायलिसिस केंद्रात. त्यांना विचारा की काही दिवस बोईसर बंद राहिले, मग ते कशामुळेही असो, तर हे रुग्ण कुठे जातील. वसई-विरार, वापी किंवा नाशिक, कुठले तरी एक केंद्र मनात धरा आणि त्याचा फोन नंबर लिहून ठेवा. सासूबाईंचा रक्तगट, कोरडे वजन (जादा पाणी काढून टाकल्यावरचे), फिस्च्युला (डायलिसिसची सुई टोचण्यासाठी जोडलेली शीर) कोणत्या हाताला आहे, कावीळ आणि एचआयव्हीच्या तपासण्यांचे शेवटचे अहवाल, डायलिसिसची शेवटची तारीख आणि चालू औषधे एका कागदावर लिहून त्याची प्रत प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवा. नवे केंद्र रुग्णाला खाटेवर घेण्याआधी हेच विचारते. त्याच पाकिटात तुमचे गरोदरपणाचे कार्ड आणि मुलीच्या लसीकरणाचे कार्ड. आठवड्याची औषधे, बॅटरी, थोडी रोकड, कपड्यांचे दोन जोड. मग आशा सेविकेकडे जाऊन घरात डायलिसिसची रुग्ण आणि गरोदर स्त्री आहे अशी नोंद करून घ्या, आणि ती ज्या वहीत झाली ती वही डोळ्यांनी पाहा.

तुमच्या पतींचे म्हणणे चूक नाही. तारापूरचे पहिले दोन संच ऑक्टोबर १९६९ पासून व्यापारी वीज देऊ लागले, आणि अपघातामुळे लोकांना गाव सोडावे लागेल अशी आणीबाणी तिथे कधी जाहीर झालेली नाही. (पोफरण आणि अक्करपट्टीच्या लोकांना गाव सोडावे लागले ते तिसऱ्या-चौथ्या संचांच्या बांधकामासाठी, ती वेगळी कहाणी आहे.) त्यांना एवढेच सांगा की ज्या औद्योगिक वसाहतीत ते कामाला जातात तिथे वायुगळती आणि स्फोट ही बातमी नवी नाही, आणि वरच्या परिच्छेदातले पाकीट, सासूबाईंची पर्यायी सोय आणि आतली बंद खोली तिथल्या गळतीच्या रात्रीही तितकीच कामाला येईल. भोंगा कुठला हे ओळखायला मात्र शिका; कारखान्याचा, अग्निशमनाचा आणि केंद्राचा यांतला फरक स्थानिक पोलीस ठाण्यात विचारता येतो.

सोळा किलोमीटरच्या आकड्याला देवाची रेघ मानू नका, हे मात्र त्यांनाही आणि प्रशासनालाही सांगण्यासारखे आहे. फुकुशिमाच्या वायव्येला सुमारे चाळीस किलोमीटरवर असलेले इताते गाव सुरुवातीच्या वीस किलोमीटरच्या वर्तुळाबाहेर होते, पण १५ मार्चला वारा तिकडे वळला आणि पाऊस-बर्फ पडून द्रव्य तिथेच जमिनीवर उतरले. गाव खाली करण्याचा आदेश एप्रिलमध्ये निघाला. नामिए गावचे लोक तर ज्या दिशेने द्रव्य चालले होते त्याच दिशेच्या त्सुशिमा भागात जाऊन राहिले, कारण संगणकाने काढलेला अंदाज त्यांच्यापर्यंत कोणी पोहोचवलाच नाही. मिहारू गावाने प्रांताच्या आदेशाची वाट न पाहता १५ मार्चला आपल्या रहिवाशांना गोळ्या वाटल्या आणि वरून त्याबद्दल बोल लावून घेतला.

योजना तुम्हाला कोणी सांगितली का नाही, या प्रश्नावर मी कोणाचा बचाव करणार नाही. लोकांना घाबरवायचे नाही म्हणून सांगायचे नाही, ही आपल्या कार्यालयांची जुनी सवय आहे, आणि जिथे अधिकृत माहिती पोहोचत नाही तिथे तुमच्या गटावरच्या जाहिरातीसारखी माहिती पोहोचते. तेव्हा विचारा, आणि लेखी विचारा. पालघरच्या जिल्हाधिकारी कार्यालयातल्या जनमाहिती अधिकाऱ्यांच्या नावाने माहितीच्या अधिकाराखाली साध्या कागदावर अर्ज करा. दहा रुपये शुल्क आणि तीस दिवसांची मुदत. केंद्राच्या सुरक्षेविषयी विचारू नका, ते नाकारले जाईल. विचारायचे ते असे : आमचा भाग सोळांपैकी कोणत्या विभागात येतो, आमच्यासाठी ठरलेला निवारा कोणता आणि तिथवर नेणाऱ्या बस कुठे थांबतील, आयोडीनच्या गोळ्या आमच्या जवळच्या कोणत्या आरोग्य केंद्रात आहेत, त्यांची मुदत कोणत्या महिन्यात संपते आणि लहान बाळांची मात्रा कशी दिली जाईल, डायलिसिस, ऑक्सिजन आणि अंथरुणावरच्या रुग्णांची यादी कोणाकडे आहे आणि त्यांना कोणत्या रुग्णालयात नेले जाईल, मागच्या सरावात कोणत्या त्रुटी नोंदवल्या गेल्या. हाच कागद १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत वाचून दाखवता आला तर उत्तम, कारण तिथे आशा सेविका आणि आरोग्य सेवक दोघेही हजर असतात.

माहेरी बाळंतपणाला जाणार आहात तर अवश्य जा, आणि सव्वा महिना झाल्यावर परत या. रोजच्या कामकाजात केंद्राबाहेर राहणाऱ्यांना मिळणारी किरणांची मात्रा वर्षाला एक मिलिसिव्हर्टच्या (हे ती मात्रा मोजायचे एकक) आत राहिली पाहिजे अशी मर्यादा आहे, आणि निसर्गातूनच माणसाला वर्षाकाठी सरासरी सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात, त्यामुळे केवळ बोईसरला राहिल्याने बाळाला धोका आहे असे मी म्हणणार नाही. त्या एवढ्या कारणासाठी नवऱ्याची नोकरी, मुलीची शाळा आणि सासूबाईंचे लागलेले डायलिसिस केंद्र सोडू नये. नाशिकला असतानाच तिथल्या एखाद्या डायलिसिस केंद्रात त्यांच्या नावाची चौकशी मात्र करून या. पर्यायी केंद्र म्हणून तेच सोयीचे पडेल.

अर्जाला उत्तर आले की त्याची प्रत या सदराकडे पाठवा. चिंचणी आणि डहाणूकडच्या दोन वाचकांनी जवळपास हेच प्रश्न विचारले आहेत. तुमच्या परवानगीने ती प्रत त्यांना पाठवीन.